शिट्टीनंतरची आपटाआपटी

"पाड त्याला! अगं पाड! उठू देऊ नकोस!"

हे वाक्य आमच्या हॉलमधून ऐकू आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात गुजराती भाखरीच्या पिठाला तेलाचं मोण घालत होते. आधी वाटलं, समोरच्या फ्लॅटमध्ये जुंपली. मग वाटलं, टीव्हीचा आवाज मोठा झाला असेल. मग आवाज ओळखला आणि हात पिठातच राहिला. तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

आमच्या लग्नाला तीस वर्षं उलटून गेली आहेत आणि एवढ्या काळात या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. राग आला तर हे वर्तमानपत्राची घडी जरा जोरात घालत, आनंद झाला तर दुसऱ्यांदा चहा मागत. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात येऊन "बरं आहे ना सगळं?" एवढंच म्हणाले होते. असा माणूस 'उठू देऊ नकोस' म्हणून ओरडतोय म्हटल्यावर मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले.

सोफ्यावर हे आणि आमची सून शेजारी शेजारी, पुढे झुकून बसले होते. दोघांच्या हातात बटणांचे रिमोट. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक धिप्पाड माणूस गवतावर आडवा झाला होता आणि दुसरा तेवढाच धिप्पाड माणूस उंच उडी मारून कोपरानं त्याच्या छातीवर आदळत होता. शिट्टी वाजून गेली होती, खेळ थांबला होता, तरी आपटाआपटी चालूच. आणि हे हसत होते. दाढा दिसतील असे, एका हातानं पोट धरून.

मला तिथं उभ्या उभ्या दोन गोष्टी कळल्या. एक, यांना असं हसता येतं. दुसरी, ते हसू इतकी वर्षं याच घरात होतं आणि माझ्या पानात कधी पडलं नव्हतं. मला मत्सर वाटला. त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "भाखऱ्या करायला घेते," आणि आत जाऊन पिठाचा डबा जरा जोरात ठेवला. बाहेर कुणाला ऐकू गेला नाही.

माझं दुखणं कळायला झोपाळ्याचं सांगायला हवं. हे शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूमला होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. मी मराठी शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा. मी घरी यायची तेव्हा हे झोपलेले, हे उठायचे तेव्हा माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा. मी मनाला समजावत आले की एकदा हे निवृत्त होऊ देत, मग संध्याकाळी बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसू आणि राहिलेलं सगळं बोलू. बडोद्यात झोपाळा नसलेलं घर शोधून सापडायचं नाही, आणि त्यावर जोडीनं बसलेली म्हातारी माणसं आमच्या कारेलीबागेत गल्लोगल्ली दिसतात. मी त्याच्यासाठी नव्या गाद्या शिवून घेतल्या, कड्यांना तेल घातलं. हे निवृत्त झाले, झोपाळ्यावर येऊन बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मी बोलायची आणि हे "हं" म्हणायचे. त्यांचे 'हं' तीन प्रकारचे आहेत: ऐकलं, ऐकलं नाही, आणि आता पुरे. मी त्यातही समाधान मानत होते. नवऱ्याचा स्वभावच असा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणायची. आणि आता कळत होतं की आड चांगला तुडुंब होता. पोहरा मात्र दुसरीचा चालत होता.

ही दुसरी म्हणजे आमची सून. ती बडोद्याजवळच्या पादरा गावची, तिच्या वडिलांचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. मुलानं स्वतःच जमवलं आणि आम्ही काही हरकत घेतली नाही. गुजरात्यांत लग्नानंतर मुलीला माहेरहून जे सामान पाठवतात त्याला आणुं म्हणतात. हिचं आणुं टेम्पोतून आलं. कपाट, भांडी, रजया, साड्यांच्या बॅगा. आणि दोन रजयांच्या मध्ये, लेकराला निजवावं तसं गुंडाळलेलं एक करडं मशीन. वायरी लोंबत होत्या. मला वाटलं, वाफ घ्यायचं मशीन असावं, मुलीला दम्याचा त्रास दिसतोय, आणि तिच्या माहेरच्यांनी आपल्याला सांगितलं नाही. मी दोन दिवस तिच्या श्वासावर लक्ष ठेवून होते.

ते निघालं व्हिडिओ गेमचं मशीन. तिचे मामा अमेरिकेत. मामेभाऊ सुट्टीत पादऱ्याला यायचे तेव्हा हा खेळ घेऊन यायचे, आणि जाताना एका वर्षी मशीनच हिला देऊन गेले. त्यांच्याकडचा फुटबॉल, पण त्यात पायाचं काम कमी. नारळाच्या आकाराचा चेंडू काखेत घेऊन पळायचं, नाहीतर लांब फेकायचा, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला जमिनीवर आपटायचं. खऱ्या खेळात म्हणे पुष्कळ नियम असतात. यात नियमांची सगळी कटकट काढून टाकलेली. सात विरुद्ध सात. कुणी कुणाची मान धरून गरगर फिरवावी, कुणी पाठीवर गुडघा द्यावा, पंच शिट्टी वाजवून मोकळा. शिट्टी वाजल्यावरही हात साफ करून घ्यायला बंदी नाही. चांगले डाव साधले की चेंडूला आग लागते, आणि ती आग काखेत घेऊन तो माणूस पळत सुटतो. आणि ही पोरगी, जी सकाळी देवासमोर डोळे मिटून उभी राहते, तिला या खेळाचं वेड.

आमच्या मुलाची नोकरी फिरतीची, आठवड्यातले बरेच दिवस तो बाहेरगावी. सून अलकापुरीतल्या एका ऑफिसात जाते, संध्याकाळी घरी येते. अशाच एका संध्याकाळी तिनं मशीन टीव्हीला जोडलं आणि झोपाळ्यावरच्या यांना हाक मारली, "पप्पा, मला जोडीदार नथी. तमे बेसो ने!" मी आतून ऐकलं आणि मनात म्हटलं, बसतायत! मी गरब्याला सोसायटीच्या चौकात खाली चला म्हणून वर्षानुवर्षं हात जोडले, हा माणूस खुर्चीतून हलला नाही. पण हे उठले. वर्तमानपत्राची घडी घालून झोपाळ्यावर ठेवली आणि जाऊन बसले.

त्यानंतर रोज. आधी मुकाट्यानं, मग त्या 'उठू देऊ नकोस'च्या संध्याकाळपासून आरडाओरडा करत. कधी दोघं मिळून मशीनविरुद्ध, कधी एकमेकांविरुद्ध. तिच्या स्कूटरचा आवाज फाटकात आला की वर यांच्या वर्तमानपत्राची घडी व्हायची. मीसुद्धा सारी वर्षं स्कूटरवरूनच शाळेतून येत होते. माझ्या स्कूटरच्या आवाजानं कधी घडी झाली नाही.

दोघांची स्वतःची भाषा तयार झाली. समोरच्या खेळाडूंच्या रांगेत फट पडली की हे ओरडायचे, "व्हॉल्व्ह उघडला! जा, जा!" आणि ती त्या फटीतून पळायची. यांच्या चेंडूवाल्यावर चारी बाजूंनी माणसं धावून आली की ती ओरडायची, "पप्पा, प्रेशर वाढलं! सोडा!" आणि हे चेंडू लांब भिरकावून द्यायचे. व्हॉल्व्ह, प्रेशर, लाइन बंद कर, लाइन चालू कर. हे यांच्या कारखान्यातले शब्द. यांनी ते माझ्यासमोर कधी काढले नव्हते, घरी आले की डब्याबरोबर तेही खाली ठेवत असावेत. पादऱ्याच्या मुलीला महिन्याभरात सगळे पाठ. मी त्यांच्या शर्टाच्या कॉलरी घासल्या, त्या वासावरून कुठली पाळी ते ओळखायला शिकले, आणि शब्द तिला मिळाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

मी काही स्वस्थ बसले नाही. नेमकं त्या वेळी टीव्ही पुसायला काढला. "मम्मी, एक मिनिट," म्हणत ती मान वाकडी करून माझ्या काखेखालून खेळत राहिली. मग माझ्या मालिकेची वेळ त्यांच्या वेळेवर आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सुनेनं माझ्या मोबाइलवर ती मालिका लावून दिली, वर कानात घालायला दोन बोंडंही दिली, म्हणजे मी तिच्यावर रागवायचीसुद्धा सोय राहिली नाही. दिवेलागणीला मी आरती जरा लांबवून म्हणायला लागले. त्यांनी पडद्यावरचं सगळं थांबवलं, दोघं हात जोडून उभे राहिले, प्रसाद घेतला आणि पुन्हा बसले. हवेत उडी मारलेला तो राक्षस सगळी आरतीभर कोपर उगारून तसाच थांबलेला होता. मला तो देवापेक्षा जास्त दिसत होता.

खाली सोसायटीच्या बाकड्यावर शेजारीण भेटली. तिच्या खिडकीतून आमचा आरडाओरडा ऐकू जातो. म्हणाली, "तमे तो नसीबदार छो! अमारे तो ससरा सामे लाज काढवानी." तिच्या सासरी सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढून वावरावं लागे. सासऱ्यानं तिचा चेहरा म्हणे तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर नीट पाहिला. मी हसून "हो ना, नशीब," म्हटलं. मनात आलं, लाज काढायची ती चाल एवढी काही वाईट नव्हती. शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर मुलींना काय काय शिकवलं, आणि हा विचार माझ्याच डोक्यात आला. जिन्यानं वर येईपर्यंत मला माझाच राग आला, पण मत्सर काही खाली उतरला नाही.

आणि मग मनगटाची गोष्ट. यांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला चट्टा आहे, जुना, गुळगुळीत. मुलगा लहान असताना एका सकाळी हे रात्रपाळीवरून हाताला फडकं गुंडाळून आले होते. "चहा सांडला," म्हणाले. मी कुंडीतली कोरफड कापून त्यावर रोज गर लावला, जखम भरेपर्यंत. त्यानंतर कित्येक वर्षं यांच्या हातात चहा देताना मी कप अर्धाच भरत असे.

त्या संध्याकाळी मी लसूण सोलत होते. बाहेर दोन डावांच्या मध्ये सून विचारत होती, "पप्पा, हे काय झालं हाताला?" आणि हे सांगायला लागले. एका रात्री पंपापाशी गळती सुरू झाली, वाफेनं समोरचं दिसेना, बरोबरीचे दोघं बाहेर पळाले. यांनाही पळायचं होतं. पाय निघालेही होते. पण व्हॉल्व्ह बंद केला नाही तर पुढची लाइन जाणार हे माहीत होतं, म्हणून चाचपडत परत गेले आणि तापलेलं चाक हातमोज्यातल्या हातांनी फिरवलं, मनगट तेवढं उघडं राहिलं. "इतका घाबरलो होतो," हे म्हणाले, "की बंद झाल्यावरही चाक सोडवेना. दुसऱ्यांनी येऊन बोटं सोडवली." सून म्हणाली, "बाप रे, पप्पा!" आणि मग दोघं पुन्हा खेळायला लागले.

मी लसणीची पाकळी हातात घेऊन बसून राहिले. मला या माणसाच्या भीतीची गोष्ट स्वयंपाकघराच्या दारातून, चोरून, दुसरीला सांगितली जात असताना ऐकावी लागली. त्या हातावर कोरफड मी लावली होती. मला रडू आलं नाही, अंगाचा तिळपापड झाला. जेवणं झाल्यावर सून आत गेली तेव्हा मी यांना विचारलं, "चहा सांडला होता ना?"

यांना कळलं. म्हणाले, "तेव्हा तू काळजी केली असतीस."

"आणि नंतर? नंतर इतकी वर्षं?"

"नंतर तू विचारलं नाहीस."

हे म्हणून ते झोपाळ्यावर गेले. मी भांडी घासायला उभी राहिले आणि ठरवलं की आता बस्स. जो खेळ यांचं तोंड उघडतो तो खेळ मीच खेळणार. मी मागे हटणारी नाही.

पुढच्या रविवारी दुपारी, मुलगा परगावी, दोघांचं सुरू होणार एवढ्यात मी पदर खोचून सोफ्यासमोर उभी राहिले. "मलाही खेळायचंय." सुनेनं टाळी वाजवली. आणि हे काय करतात, तर शांतपणे उठून मला स्वतःची जागा देऊन बाल्कनीकडे निघाले. बसमध्ये बाईमाणसाला देतात तशी जागा! मी म्हटलं, "कुठं निघालात? तुमच्याशीच खेळायचंय."

सुनेनं यांना हाताला धरून परत बसवलं. आपला रिमोट मला देऊन बटणं समजावली: हे पळायचं, हे वळायचं, हे फेकायचं. मी म्हटलं, फेकायचं राहू दे, पळायचं सांग. पळणं मला येतं.

कारण एक गोष्ट त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हती. शाळकरी वयात मी बडोद्यातल्या एका व्यायामशाळेत खो-खो खेळत असे, आणि बरी नाही, चांगलीच खेळत असे. माझी पळती सुरू झाली की बाकीच्या मुली कडेला येऊन बसायच्या. बसलेल्या रांगेतून एकेरी साखळीनं नागमोडी जायचं, पाठलाग करणारीला खांद्यानं हुलकावणी द्यायची, आणि वेळ काढायचा. खो-खोत पळणारीचं काम तेच, सापडायचं नाही आणि मिनिटं काढायची. जी जास्त वेळ टिकली तिला शाबासकी.

चेंडू माझ्या माणसाच्या हातात आला आणि माझ्या अंगठ्यांना काय झालं कोण जाणे. डावीकडे खांदा दाखवला, उजवीकडे निघाले. मागून आलेले दोघं एकमेकांवर आपटले. मी वळले, त्यांच्यामधून परत आले, कडेनं धावले, पुन्हा वळले. मला धरायला आलेला एक धिप्पाड गडी तर जमिनीवर सपशेल लोळला. चाळीसेक वर्षांनी मला तो वारा कानाला लागला. मी सोफ्यावरच्या सोफ्यावर घामाघूम झाले होते. सून किंचाळत होती, "मम्मी, आगळ जाओ ने! पुढे!"

"कशाला पुढे? धरलं का मला कुणी? नाही ना!"

वेळ संपल्याचा भोंगा झाला. मला एकदाही कुणी पाडलं नव्हतं. मी विजयानं दोघांकडे पाहिलं. सून ओठ चावून हसू दाबत होती. हे चष्मा वर करून पडद्याचा कोपरा बघत होते. तिथं माझ्या नावापुढे शून्य होतं.

"इथं वेळ काढल्याचे गुण नसतात," हे म्हणाले. "पुढे जावं लागतं."

अगदी हळू म्हणाले, कुचकेपणा नव्हता. पण मला ते नको तिथं जाऊन लागलं.

सुनेनं विषय बदलायला विचारलं, "पण मम्मी, हे असं वळायला तुम्ही कुठं शिकल्या?" मी खो-खोचं सांगितलं. व्यायामशाळेचं मैदान, लाल माती, सुरवातीला आईनं केलेला विरोध, सगळं. हे रिमोट मांडीवर ठेवून ऐकत होते. म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. केव्हापासून तोंडाशी आलेलं हे वाक्य परत करताना मला फार बरं वाटलं.

पण तेवढ्यात दुसरं काहीतरी ध्यानात आलं. मी पळत होते तेव्हा बाकीचे सगळे माझ्या अंगावर येत होते, एक सोडून. ज्याच्या पायाखाली पिवळं वर्तुळ होतं, म्हणजे ज्याला हे स्वतः चालवत होते, तो माणूस दर वेळी माझ्याजवळ येऊन थांबत होता. एकदा तर त्यानं बाजूला होऊन मला वाट दिली होती. माझी हुलकावणी बिलकावणी काही नव्हती. यांना मला पाडायचंच नव्हतं.

"तुम्ही मला पाडत का नाही?" मी विचारलं.

"तुला कसं पाडायचं?"

"तिला पाडता तसंच. तिच्या छातीवर उड्या मारता की शिट्टीनंतरसुद्धा!"

"ती पडते, हसते, आणि उठून मला दुप्पट आपटते," हे म्हणाले. "तू..."

"मी काय?"

हे रिमोटवरचं एक बटण उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "तू पडलीस की चार दिवस बोलत नाहीस."

मी! मी बोलत नाही! 'हं'च्या भिंतीवर तीस वर्षं डोकं आपटणारी मी! मी साक्षीसाठी सुनेकडे पाहिलं. ती वर पंख्याकडे बघत होती, एवढ्या लक्षपूर्वक की जणू तो आजच बसवला आहे. म्हणजे हिलाही हे ठाऊक होतं. म्हणजे हे दोघं खेळता खेळता माझ्याविषयीही बोलले होते. व्हॉल्व्हबद्दल बोलावं तसं, कुठं हात लावायचा आणि कुठं नाही. मला इतका राग आला, इतका हेवा वाटला, की कान तापले. आणि त्या रागात, चार दिवस अबोला धरायचा मोह अगदी जिभेच्या टोकावर आला. तो मी गिळला. कारण तो धरला असता तर यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

"लावा परत," मी म्हटलं. "आणि पाडा मला. पाडलं नाहीत तर बघा."

या वेळी मी हुलकावण्या दिल्या नाहीत. चेंडू काखेत घेऊन नाकासमोर पळाले. पिवळं वर्तुळ समोरून आलं, क्षणभर घुटमळलं, आणि मग यांनी मला आपटलं. असं आपटलं की माझ्या माणसाचं हेल्मेट उडून मैदानाबाहेर गेलं आणि माझ्याच तोंडून "अगं बाई!" निघालं. शिट्टी वाजली. यांचा माणूस थांबला. हे चष्म्याच्या कडेनं माझ्याकडे बघत होते, प्रेशरचा काटा लाल खुणेकडे सरकतोय की काय ते तपासावं तसं. तो दृष्टिक्षेप मला नवा होता. हा माणूस मला घाबरतो हे मला माझ्या उतारवयात, एका अमेरिकन खेळामुळे कळलं.

"थांबलात का?" मी म्हटलं. "शिट्टीनंतरही चालतं ना?"

यांनी उडी मारली. कोपर घेऊन माझ्या छातीवर. आणि हसले. तेच हसू, दाढा दिसणारं, पोट धरून. पण हसता हसता मान वळवली ती तिच्याकडे, 'बघितलंस?' असं विचारल्यासारखी. ती टाळी द्यायला पुढे झाली. मी त्या दोघांच्या टाळीच्या मधोमध बसलेली होते. ती माझ्या नाकासमोर वाजली.

एवढ्यानं माझं भागणार नव्हतं. मला उष्टं हसू नको होतं.

म्हणून मी आमची वेळ वेगळी काढली. दुपारच्या चहानंतर, सून ऑफिसात असताना. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "ती आल्यावर खेळू की." मी म्हटलं, "ती आल्यावर तिच्याशी खेळा. आता माझ्याशी." वायरी जोडायला मी मुलाकडून फोनवर शिकून घेतलं होतं. हळूहळू यांनी मला पाडायचं मनावर घेतलं. मीही पाडायला शिकले, आणि सांगते, नवऱ्याच्या पाठीत गुडघा देण्यात जे सुख आहे ते शब्दांत येण्यासारखं नाही. मी पडल्यावर हे आधी थांबून माझ्याकडे बघायचे. मग फक्त कानोसा घ्यायचे. मग तेही सुटलं. मधल्या वेळात हे एखादं वाक्य बोलायचे, कारखान्याचं, त्यांच्या वडिलांचं, कधी नुसतं गुडघ्याच्या दुखण्याचं. मी लगेच उत्तर द्यायची घाई करत नसे. झोपाळा बाल्कनीत रिकामा असायचा आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

एका दुपारी माझ्या चेंडूला आग लागली. पहिल्यांदाच. हे ओरडायला लागले, "व्हॉल्व्ह उघडा आहे! नाही, नाही, मी बंद करतो, थांब, जाऊ देणार नाही!" आणि मी सरळ पळत होते, पेटता चेंडू काखेत, आणि हे माझ्या मागे, आणि आम्ही दोघं इतका आरडाओरडा करत होतो की दाराच्या किल्लीचा आवाज आला नाही.

सून लवकर सुटली होती. हातात स्कूटरचं हेल्मेट, खांद्याला बॅग, चपला अर्ध्या काढलेल्या. यांनी मला अगदी रेषेपाशी गाठून आपटलं आणि हसले. पोट धरून, दाढा दिसतील असे, माझ्याकडे तोंड करून. फक्त माझ्याकडे.

"अरे वाह, मम्मी!" ती म्हणाली आणि हसली. हसू जरा उशिरा आलं. "पप्पा, माझ्याविना चालू केलं?"

"थांब गं जरा," हे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "हिचा डाव चाललाय."

तिनं चपला काढल्या, हेल्मेट कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाली, "मी भाखऱ्या करायला घेते," आणि आत गेली. भाखऱ्यांची वेळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. स्वयंपाकघरातून पिठाचा डबा जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. यांना तो ऐकू गेला नाही.

मला गेला. तो आवाज मला पाठ आहे. आमचा सोफा तिघांचा आहे, मी थोडी कडेला झाले असते तर ती आरामात मावली असती, आणि एक हाक मारली असती तर ती आलीही असती, पोरगी मनानं चांगली आहे. पण त्या दुपारी मी सरकले नाही.